एकाच कोपऱ्यात

मी पंच होतो, आणि पुएब्लाच्या अरेनात पंचाचं काम एकच असतं: काहीही न पाहणं. ते मी आयुष्यभर चोख केलं. एखाद्यानं समोरच्याच्या डोळ्यांत मीठ फेकलं की नेमकी माझ्या बुटाची नाडी सुटायची. कोणी खुर्ची उचलली की मला वरच्या गॅलरीत ओळखीचं माणूस दिसायचं. लोक माझ्यावर संत्र्याची सालं फेकायचे, बिअरचे पेले फेकायचे, एकदा तर कोणीतरी जिवंत कोंबडी फेकली. ती मी घरी नेली. कुस्त्यांचा वार सोमवार, म्हणून ती दर सोमवारी दोन बलकांचं अंडं द्यायची. खोटं वाटत असेल तर शेजाऱ्यांना विचारा. ते वारले, पण विचारा.

तेव्हा ज्यानं कधी काही पाहिलं नाही त्याच्याच तोंडून ही गोष्ट ऐकून घ्या. ज्या दोघांची आहे, त्यांतला एक बोलणार नाही आणि दुसऱ्याचं कोणी ऐकणार नाही.

आमच्याकडे मल्लांच्या दोन जाती. सरळमार्गी नियमानं लढतात. बायका त्यांच्यासाठी चर्चमध्ये मेणबत्त्या लावतात. दांडगे चावतात, ओरबाडतात, पाठीमागून लाथ घालतात. लोक त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात आणि तिकीट मात्र त्यांच्याचसाठी काढतात. दोघांच्या कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, गावोगाव जायच्या बस वेगळ्या. एक दांडगा आणि एक सरळमार्गी बाहेर एका टेबलावर जेवताना दिसले, तर दोघांच्याही पोटावर पाय आलाच म्हणून समजा.

तिज्ने दांडगा. तिज्ने म्हणजे काजळी. नखशिखांत काळा, डोळ्यांच्या भोकांपुढे जाळी. त्यानं एकदा एकाला रिंगणाबाहेर असा भिरकावला की तो माणूस चोलूला गावात जाऊन पडला आणि परतीचं बसचं तिकीट काढून दुसऱ्या फेरीला हजर झाला. कांपानेरो, म्हणजे घंटावाला, हा सरळमार्गी. पितळी रंगाचा मुखवटा, कपाळावर घंटा. तो वरच्या दोरावरून उडी मारायचा तेव्हा खाली पोचेपर्यंत माझी एक सिगारेट ओढून व्हायची. या दोघांच्या कुस्तीला अख्खं पुएब्ला लोटायचं, आणि आमचा ज्वालामुखी, ज्याला आम्ही मानाचं ‘दोन’ लावून दोन गोयो म्हणतो, तोसुद्धा धूर सोडायचा थांबून बघायचा.

मुखवट्याखाली तिज्ने म्हणजे नाबोर, आणि कांपानेरो म्हणजे तेओदुलो, मोटारींच्या गाद्या शिवणारा. चेहरे आम्हा आतल्या चारदोघांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे मजा होती. सोमवारी एकमेकांच्या जिवावर उठायचं आणि मंगळवारी गादीवाल्याच्या अंगणात बसून एकत्र सेमिता खायच्या. मांस, चीज आणि पापालोचा पाला भरलेला तो पाव नाबोर दोन घासांत संपवायचा आणि कोंपाद्रेच्या ताटाकडे बघत बसायचा. कोंपाद्रे म्हणजे भावापेक्षा जवळचा; कारण तेओदुलोची मुलगी ओफेलिया हिला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर नाबोरनंच हातांत धरली होती. तो तिचा पाद्रीनो, धर्मबाप.

मग कांपानेरोचे दिवस फिरले. गुडघा गेला, नवी पोरं आली, मालक त्याला काढून टाकायच्या गोष्टी बोलू लागले. त्याला वाचवायला एक मोठा विजय हवा होता, आणि आमच्याकडे सगळ्यांत मोठा विजय म्हणजे समोरच्याचा मुखवटा. दोघांनी आपापला मुखवटा पणाला लावून लढायचं. हरेल त्यानं भर रिंगणात तोंड उघडं करायचं, आणि तो मुखवटा जन्मात पुन्हा चढवायचा नाही.

नाबोर म्हणाला, माझा घे. कापडच तर आहे.

असं तो खरंच म्हणाला का, मला विचारू नका. मी पंच होतो, मी ऐकलं नाही. पण त्या सोमवारी नाबोरचे खांदे खाली टेकले तेव्हा मी तीन अंक इतके हळू मोजले की त्याला खांदा उचलायचा असता तर तो मधे दाढी करून आला असता. त्यानं उचलला नाही. तोंड उघडं पडलं. चांगलं रुंद, खारीक खाणाऱ्या म्हाताऱ्या घोड्यासारखं मायाळू तोंड होतं, आणि मंगळवारी सकाळी ते पुएब्लातल्या प्रत्येक वर्तमानपत्रावर होतं.

मग उजाडलं त्याच्या डोक्यात. आता बसवाला त्याला ओळखणार, पाद्री ओळखणार, भाजीवाली ओळखून वर एक टोमॅटो फेकून मारणार. असा हा तिज्ने गादीवाल्याच्या अंगणात शिरताना दिसला, तर शेजारी विचारणार नाहीत, याचा इथं कोण? दोन आणि दोन चार करायला काय लागतं? कांपानेरोचा मुखवटा राखायचा तर नाबोरनं त्या गल्लीत पाऊल टाकायचं नाही. कापड दिलं असं त्याला वाटलं होतं. त्याबरोबर सगळे मंगळवार गेले.

तेही त्यानं सोसलं. पण ओफेलियाचं लग्न निघालं. आमच्यात लग्नात नवरानवरीच्या खांद्यांवरून एक गुंफलेला दोर घालतात, दोघं बांधली गेली म्हणून. आणि तो घालायचा मान नाबोरचा होता. त्या सकाळी तो चर्चसमोरच्या फुटपाथवर, भाजक्या कणसांच्या गाडीआड, इस्त्रीचा सदरा घालून उभा होता. एक खूण हवी होती, एवढंच. दारात पाहुण्यांना आत घेणाऱ्या तेओदुलोनं मान वर केली, त्याला पाहिलं, नीट पाहिलं, आणि पाठ फिरवून आत गेला. दोर कुठल्याशा चुलत्यानं घातला.

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. इतकी वर्षं पैसे घेऊन ज्या वैराचं नाटक केलं, ते आता फुकटात खरं झालं. कांपानेरो शेवटपर्यंत न हरता निवृत्त झाला. त्याचं तोंड आजतागायत पुएब्लानं पाहिलेलं नाही. म्हणजे रोज पाहतं, पण गादीवाल्याचं म्हणून.

आता गेमकडे येतो.

यंदा पावसाळा सरताना आमच्या कुस्त्यांचा नवा व्हिडिओ गेम निघाला. भिंतीभिंतीवर जाहिराती लागल्या, आणि त्यांत जुन्या मल्लांच्या रांगेत आमचे हे दोघे. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. नावं मालकांची, ती त्यांनी विकली. ओफेलियाचं अरेनाच्या मागच्या गल्लीत सेमिताचं दुकान आहे. तिनं गेम आणला, दुकानातल्या टीव्हीला जोडला आणि मला बोलावून घेतलं. म्हणाली, दोन एलादियो, या गेममध्ये कोणालाही कोणाच्या जोडीला देता येतं. दोघांना एका कोपऱ्यात उभं करता येतं. तुम्ही त्या दोघांना इथं आणा, बाकी मी बघते. म्हातारे झालेत. एकदा एका टेबलाशी बसलेले मला बघायचेत.

नाबोरला आणणं सोपं होतं. मी त्याला खरं सांगितलं: तुझा मुखवटा परत आलाय. तो काठी टेकत निघालाच. तेओदुलोला आणायला मला माझ्या धंद्याची आठवण ठेवावी लागली. त्याच्या दुकानात जाऊन मी हळहळत बसलो. म्हटलं, त्या गेममध्ये तिज्ने कांपानेरोचा मुखवटा उतरवतो, आणि खाली जे तोंड निघतं, तेओदुलो, ते एखाद्या टोमॅटो विकणाऱ्याचं दिसतं. तेओदुलोच्या हातातली सुई तशीच राहिली. त्यानं टोपी घातली.

सोमवारची संध्याकाळ होती. अरेनात जायच्या आधी खायला आलेल्यांनी दुकान भरलेलं. नाबोर टीव्हीसमोरच्या टेबलाशी बसला होता आणि लोक त्याला प्रेमानं शिव्या घालत होते. एर्मिलो नावाचा एक टॅक्सीवाला, कांपानेरोचा कडवा भक्त, दर घासाला विचारत होता, काय काजळ्या, आज कोणाच्या डोळ्यांत मीठ? नाबोरचं लक्ष नव्हतं. पडद्यावर तिज्ने उभा होता, काळा कुळकुळीत, तरणाबांड, मुखवट्यासकट.

नाबोरनं छातीवर क्रूस केला. "काढायला सांग," तो ओफेलियाला म्हणाला. "मी हरलोय तो. हे नियमात बसत नाही."

तिनं समजावलं की काढता येत नाही. मग त्यानं वाकून पडदा जवळून पाहिला. शेवटी म्हणाला, पोट कुठं गेलं माझं? तेव्हा आम्हाला जरा हायसं वाटलं. पोट खरंच नव्हतं. सगळ्यांची अंगं लोणी फासल्यासारखी चमकत होती. तिज्ने धावायचा तो परसाकडे निघाल्यासारखा. प्रेक्षकांत तीच चारदोन तोंडं पुन्हा पुन्हा बसवलेली, आणि शिवी एकही नाही. पण मला जे लागलं ते पंचाचं. गेममधला पंच सगळं पाहत होता. दर मोजणी सारखी, ना हळू ना भरभर. असा माणूस आमच्या पुएब्लात एक सोमवार टिकला नसता. कोंबडी तर त्याला कोणी फेकून मारलीच नसती.

एवढ्यात तेओदुलो आला. आत आला नाही, दाराशी, शीतपेयांच्या फ्रिजला टेकून उभा राहिला, गिऱ्हाइकासारखा. नाबोरनं त्याला पाहिलं. तेओदुलोनं पाहिलं की यानं पाहिलं. दोघांनी टीव्हीकडे तोंडं केली. ओफेलियानं घाईघाईनं कुस्ती लावली. पडद्यावर एकानं दुसऱ्याचा हात धरून पिरगळला.

"डावा," नाबोर म्हणाला.

"डावा," दारातून आवाज आला, त्याच क्षणी.

दुकानात कोणाला काही कळलं नाही. पण आमच्याकडे पहिल्या दिवसापासून उजवा हात धरायला शिकवतात. उजवा हात, उजवा पाय. डावा धरतात ते सरहद्दीपलीकडचे, उत्तरेकडचे. ज्यांनी हा गेम बनवला त्यांनी आमची माणसं घेतली आणि हात मात्र त्यांचे लावले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही, पण नाबोरच्या मिशा हलल्या, आणि दाराकडून बारीक खाकरणं ऐकू आलं. मला वाटलं, झालं आपलं काम. चुलीवरून उतरलं की वाढायचं.

ओफेलियाला तेच वाटलं असावं. तिनं बटणांचा एक डबा नाबोरच्या हातात दिला आणि दुसरा घेऊन दाराशी गेली. तेओदुलोनं मान हलवली. त्याच्या शेजारीच एर्मिलो होता. मग तिनं पडद्यावर तिज्ने निवडला, जोडीला कांपानेरो निवडला, आणि कांपानेरोला मशीनच्या हवाली केलं. समोर दोन परके दांडगे. दुकानात गलका झाला. काजळी आणि घंटा एका कोपऱ्यात म्हणजे काय, पाप आहे हे. पण सगळे सरकून जवळ आले.

नाबोरची बोटं सांध्यांत सुजलेली. त्याला एकच बटण सापडलं होतं आणि ते तो ठोकत होता. तिज्ने मार खात होता. दोघं त्याला तुडवत होते. जोडीच्या कुस्तीत असं झालं की सरपटत आपल्या कोपऱ्याशी जायचं आणि बाहेर उभ्या जोडीदाराच्या हाताला हात लावायचा. मग तो आत येतो आणि तुम्ही सुटता. कांपानेरो दोरापलीकडे उभा होता, कपाळावर घंटा, हात पुढे.

"चला, पाद्रीनो," ओफेलिया म्हणाली. "जवळ आलात. हात द्या."

नाबोर ओठ चावून बसला होता. काळी आकृती पोटावर सरकत सरकत गेली, कोपऱ्याशी पोचली आणि तिनं हात वर केला. कांपानेरोनं खाली बघितलं, हात मागे घेतला, पाठ फिरवली, पायऱ्या उतरला आणि प्रेक्षकांमधून चालत बाहेर निघून गेला. पडद्यावर अक्षरं आली: जन्माचे वैरी.

दुकान उसळलं. एर्मिलो टेबल बडवत होता. असंच पाहिजे, काजळ्या, कांपानेरोला काय येडा समजलास. ओफेलियाच्या हातातला डबा तसाच होता. तिला हे ठाऊक नव्हतं, कोणालाच नव्हतं. गेम बनवणाऱ्यांनी जुन्या कुस्त्या बघितल्या, जुनी वर्तमानपत्रं वाचली, आणि जे दिसलं ते भरलं. दोष कोणाला देणार? आम्ही इतकं बेमालूम खोटं बोललो होतो की मशीनलाही खरं वाटलं. पण मशीनला ती चर्चची सकाळ कोणी सांगितली, हे मला आजही कळलेलं नाही.

नाबोर हसला. "चांगलं ओळखतं की सगळ्यांना," तो म्हणाला आणि डबा टेबलावर ठेवला. काठी शोधायला लागला.

दाराशी एर्मिलोनं तेओदुलोच्या बरगडीत कोपर मारलं. म्हणाला, बघितलंत ना, काका, याला म्हणतात इमान. आमचा कांपानेरो मेला तरी दांडग्याला हात देणार नाही.

तेओदुलोचं तोंड शिवायच्या कातड्यासारखं झालं होतं. तो दोन पावलं पुढं आला.

"तो नालायक होता," तो म्हणाला. "कांपानेरो. माणूस हात पुढे करून उभा असताना पाठ फिरवणारा नालायक. मला माहीत आहे, कारण तो मी आहे."

मग त्यानं ते केलं जे मुखवटा हरलेला माणूस रिंगणाच्या मधोमध उभा राहून करतो: टोपी काढली आणि स्वतःचं नाव सांगितलं, जन्माचं गाव सांगितलं, किती वर्षं लढलो ते सांगितलं. हळू, स्पष्ट. मी आयुष्यात पुष्कळांचे मुखवटे उतरताना पाहिले नाहीत, पण हा पाहिला.

एर्मिलो म्हणाला, "आणि मी पोप."

हशा पिकला. कोपऱ्यातली एक बाई म्हणाली, माझा सासरासुद्धा कांपानेरो होता, मेल्यावर कळलं. कोणी म्हणालं, पुएब्लात म्हातारा झाला की माणूस एक तर कांपानेरो असतो नाही तर त्याचा भाऊ. तेओदुलो मधोमध टोपी हातात घेऊन उभा. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. पण मी खोटारडा म्हणून गावभर नावाजलेला. मी हो म्हटलं असतं तर उरलासुरला एखादा ज्याला शंका येत होती तोही हसला असता.

"तूच सांग, काजळ्या," एर्मिलो म्हणाला. "तुझं तोंड ज्यानं उघडं पाडलं तो हा? हा?"

नाबोर काठीवर ओणवून उभा होता. त्यानं कोंपाद्रेकडे बघितलं, लग्नाच्या दिवशी तेओदुलोनं त्याच्याकडे बघितलं होतं तसं, नीट. त्यानं नुसतं हो म्हणायचं होतं. पुएब्लात या एका माणसाच्या शब्दावर ते पटलं असतं.

"नाही," नाबोर म्हणाला. "कांपानेरो याच्याहून उंच होता."

लोक पांगले, पुन्हा आपापल्या पावांकडे वळले. नाबोर परत बसला. बाकावर थोडा सरकला.

"बसा, दोन," तो मोठ्यानं म्हणाला. "उभ्यानं काय बघता. अनोळखी माणसाला माझ्या टेबलाशी मनाई नाही."

तेओदुलो बसला. दोघं पडद्याकडे बघत होते, जिथं काही चाललेलं नव्हतं. मी शेजारच्या टेबलावर होतो. ऐकू न येण्याइतका जवळ.

"का रे?" तेओदुलो म्हणाला.

"माझा देऊन तुझा राखला होता. तो तू सेमिता खाणाऱ्यांपुढे फेकतोस?"

"कोणी झेलला कुठं? मी ओरडून सांगितलं, नाबोर. गावासकट सांगितलं. एकानं तरी..." तो थांबला. त्याच्या डोक्यात काहीतरी उतरत चाललं होतं, आणि उतरू नये म्हणून तो टोपी चुरगाळत होता. "मग त्या दिवशी चर्चच्या दारात. तू आला असतास. सरळ रस्ता ओलांडून आत."

"हो."

"कोणाला काही सुचलं नसतं."

"म्हणाले असते, गादीवाल्याला दांडग्यांची हौस आहे," नाबोर म्हणाला. "नवरीबरोबर फोटो काढून घ्यायला बोलावलंय."

ओफेलिया पाठमोरी होऊन कांदा चिरत होती, जो आधीच चिरलेला होता. थोड्या वेळानं नाबोरनं दुसरा बटणांचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

"याला मशीनच्या हाती द्यायचं नाही. तू चालव. हात द्यायचं बटण गोल आहे."

"कुठलं गोल? सगळीच गोल आहेत."

त्यांनी कुस्ती लावली. तिज्नेनं पुन्हा मार खाल्ला, पुन्हा सरपटत कोपऱ्याशी गेला, हात वर केला. तेओदुलो चष्म्यावरून डब्यावर वाकून बटण शोधत होता. त्यानं एक दाबलं, कांपानेरोनं उडी मारली. दुसरं दाबलं, त्यानं प्रेक्षकांना हात हलवला. थांब, थांब, तो म्हणत होता, आणि नाबोर म्हणत होता, मी कुठं जातोय, इथंच पडलोय. तो सगळं पाहणारा पंच आला, त्यानं तिज्नेला तीन मोजले आणि कुस्ती संपली. मी असतो तर त्या दोन आणि तीनमध्ये एक अख्खा रविवार घातला असता.

"पुन्हा," तेओदुलो म्हणाला.

पलीकडे अरेनाची पहिली घंटा झाली. लोकांनी घास तोंडात कोंबले, टोप्या उचलल्या. एर्मिलो जाताना नाबोरच्या डोक्यावर टपली मारून गेला आणि तेओदुलोला म्हणाला, सांभाळा, घंटावाले काका, तो चावतो. दार आपटलं. टेबलं रिकामी झाली, खरकट्या कागदांवर पापालोची पानं उरली.

दोघं एका बाकावर, खांद्याला खांदा लावून, गोल बटण शोधत बसले होते. कोणी पाहील म्हणून त्यांनी उमर काढली होती, आणि आता दुकानात पाहायला मी सोडून कोणी नव्हतं.